आण्णांचा नवा शर्ट

"काका, शर्ट काढा ना. उघड्या अंगानं फोटो जास्त गावरान येतो."

मॅडम हसत बोलल्या. माझ्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आधी माझ्याकडं बघितलं. शर्ट नवा होता. पोरीच्या कामाच्या ठिकाणी जायचं म्हणून जतच्या बाजारातनं घेतलेला. त्यांनी एकेक बटण काढलं. घडी घालून शर्ट माझ्या हातात दिला. बरगड्या दिसत होत्या. समोर पाहुणे मोबाइल धरून उभे.

कोयनानगरच्या घाटातलं मॅडमचं रिसॉर्ट ते. मी कुंभाराची पोर, आठवीत शाळा सुटलेली. मॅडमनी काम दिलं, खोली दिली, गरम जेवण दिलं. ते मी नाकारत नाही. मी घडवलेल्या वाट्या, बरण्या तिथं मांडलेल्या असायच्या. वर पाटी, 'गावच्या परंपरेतून, हातानं घडवलेलं'. काम जाईल म्हणून मी रोज भीत होते. "पंचमीला तुझ्या वडिलांना बोलाव," मॅडम म्हणाल्या, तेव्हा नको म्हणायला जीभ वळली नाही.

नागपंचमीला आमच्यात माती खणत नाहीत, चाक फिरवत नाहीत. नाग मातीत राहतो. आदल्या दिवशी पूजेचे मातीचे नाग घरोघर पोचवायचे आणि चाकावर गोणपाट टाकायचं. आण्णांनी हे कधी मोडलं नव्हतं. शर्ट काढून झाल्यावर मॅडमनी त्यांना पाहुण्यांसमोर चाकावर बसायला सांगितलं.

"आवं मॅडम, आज पंचमी हाय. उद्या दिवसभर बसतो की."

"उद्या पाहुणे जातील, काका. मुलीसाठी एवढं नाही करणार?"

मुलीसाठी. तिथंच आण्णा मोडले. चाकाला हात लावून पुटपुटले, "माफ कर रं बाबा." चाक फिरलं. मडकं वर येऊ लागलं. पण ते वाकडं होत होतं. आण्णांच्या हातचं वाकडं मडकं मी कधी बघितलं नव्हतं.

"काका, जरा हसा की!" पाहुण्यांतलं कुणीतरी ओरडलं.

मी फिरत्या चाकावर पंजा दाबला. मडकं आडवं पडलं.

"मॅडम, आज चाक फिरणार न्हाई."

शर्ट आण्णांच्या खांद्यावर टाकला. आण्णा उठले. वाटलं, माझ्या बाजूला उभे राहतील. ते मॅडमपुढं गेले. चिखलाचे हात जोडले.

"पोरगी आडाणी हाय. कामावरनं काढू नका."

मॅडमचं बोलणं मी विसरेन. ते जोडलेले हात नाही.

काम गेलंच. एसटीत आण्णांच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली. नीट करायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. तो शर्ट त्यांनी परत घातलेला नाही.

आता मी कराडला एका भट्टीवर कुंड्या करते. परवा एक हॉटेलवाला आला. लोकांसमोर चाक फिरवायला माणूस पाहिजे म्हणाला. आण्णा येणार नाहीत, ठाऊक होतं.

"मी येते," म्हटलं. "पण माझ्या कपड्यात. फोटो मला विचारून. आणि पंचमीला चाक बंद."

"लय अटी गं तुझ्या," तो हसला.

"व्हय. लय हायत. जमत नसंल तर दुसरं कुणी बघा."