बेचाळीस कलमांचा नळ

गुरुसिद्धप्पांनी सोलापूरच्या कोर्टात तीस वर्षं निकालांच्या नकला उतरवल्या. कायदा दुसऱ्याचा, अक्षर यांचं. म्हणून पेन्शनीत निघाल्यावर, १९३१ साली, चाळीतली माणसं “आप्पा, नळाचे नियम तेवढे लिहून द्या की,” म्हणत दारात आली, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बिऱ्हाडं अठ्ठावीस, नळ एक, आणि रोज सकाळी भांडण.

दुसरा कुणी चार ओळी खरडून मोकळा झाला असता. आप्पा वाचनालयात जाऊन बसले. बाबिलोन, ग्रीस, रोम, मनू!

“आधी जगानं काय केलंय ते बघायला नको?” ते बायकोला म्हणाले.

“त्यांच्यात नळ होते का?” म्हाळसाबाईंनी विचारलं.

महिन्याभरात बेचाळीस कलमं झाली. ग्रीकांच्या एका कायद्यात भाजीचोरालासुद्धा देहदंड होता. तो आप्पांनी जड मनानं गाळला. ओझेवाला, आजारी, बाई, नव्वदी ओलांडलेला आणि नवरदेव यांना आधी वाट द्यावी, हे मनूचं त्यांना फार पटलं. वाटेच्या जागी त्यांनी नळ घातला. ज्याच्या हयगयीनं बांध फुटून शेजाऱ्याचं पीक बुडालं, त्यानं धान्य भरून द्यावं, हे बाबिलोनच्या राजाचं. तिथं बांधाच्या जागी तोटी आली.

पहिल्याच सकाळी चिमाबाई नव्वदी सांगत पुढं घुसल्या. साठीच्या वर फारशा नसतील. ज्ञानबा आजारी म्हणून खोकत आला. भिमाचं लग्न होऊन दोन महिने झाले होते, तरी गडी मुंडावळ्या बांधून हजर!

“अन् बाई आधी म्हणता, तर हितं समद्या बायाच हायेत की!” केराबाई कडाडली.

आप्पा वही उघडून सतरावं कलम समजावू लागले. तोटीखाली त्यांचीच घागर होती. ती भरली, वाहिली, आणि पाणी थेट केराबाईच्या उंबऱ्याआत, जात्यापुढच्या पिठात.

“आप्पा, तुमचं बाबिलोन काय म्हंतंय?” भिमानं विचारलं.

आप्पांचे कान लाल झाले. घरात जाऊन त्यांनी पिठाचा डबा आणला आणि केराबाईच्या परातीत रिकामा केला. केराबाईनं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं.

“ह्यो राजा शाना हाय. त्याला ठिवा. बाकीचं खोडा. अन् लिवा, ज्याचा गिरणीचा भोंगा आधी, त्याची घागर आधी.”

एक्केचाळीस कलमं गेली, एक उरलं आणि एक नवं आलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी खिडकीतून पाहिलं, तर पहिल्या पाळीवाल्या बाया पाणी भरून निघूनही गेल्या होत्या. कुठं आरडाओरडा नाही. आप्पांना कसला भोंगा? ते घागर घेऊन सगळ्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

दिवाळीनंतर पलीकडच्या चाळीनं त्यांना बोलावलं. आप्पा पुस्तकं न घेताच गेले, पायरीवर बसले आणि म्हणाले, “आधी सांगा, तुमच्यात पहिल्या पाळीला कोण कोण जातं?”