भुवईवर फुटलेला स्फटिक

आमच्या घरात बोलणं संपायच्या आधी हात चालतो. ही देणगी वडिलांची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा हात माझ्यात आणि धाकट्या भावात शिल्लक राहिला. मी पन्नाशीकडे झुकलेय, त्याचे केस पिकलेत, तरी जेवताना आमचा वाद पेटला की आई आधी ताटं उचलते आणि मग आम्हाला बाजूला करते.

दगड गोळा करायचं खूळ मात्र माझं एकटीचं. वसईजवळ सातिवलीत गोदामांच्या मागे डोंगर कापायचं काम सुरू होतं. रविवारी पोकलेन बंद असायचं, तेव्हा मी छिन्नी-हातोडा घेऊन तिथे जायचे. भाऊ तिथल्याच एका कारखान्यात कामाला. वॉचमन त्याच्या ओळखीचा, म्हणून तो सोबत यायचा आणि घण चालवायचा. आठवडाभर सुपरवायझरची बोलणी खाल्लेला माणूस घण कसा चालवतो, ते मी पाहिलंय. काळ्या पत्थराच्या चिपा उडून त्याच्या पोटऱ्यांतून रक्त यायचं, पण त्याला पत्ता नसायचा.

त्या रविवारी एक मोठा धोंडा दुभंगला आणि आत पोकळी निघाली. भिंतींना पांढऱ्या बारीक सुया, आणि मधोमध मुठीएवढा, मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा स्फटिक. मी छिन्नीने तो हळूहळू सोडवत होते, तोवर भावाने मला खांद्याने ढकललं, स्फटिक उपटला आणि सरळ खिशात घातला.

"पुखराज हाय," तो म्हणाला.

"कॅल्साइट वाटतोय मला. साधी गारगोटीही असेल. घरी तपासू."

"तपासायचा काय त्यात? डोले फुटलेत काय तुजे?"

रात्री तो दगड उशाशी घेऊन झोपला. मला हातही लावू दिला नाही.

सोमवारी संध्याकाळी तो जिलब्या घेऊन घरी आला. सुपरवायझर नेहमीसारखा ओरडला, तेव्हा त्याने त्याची कॉलर धरली होती, दोन ठेवून दिल्या होत्या आणि नोकरीवर लाथ मारून निघाला होता. खिशात पुखराज असल्यावर कोण कुणाचं ऐकून घेतंय! भावजयीच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

मला राहवेना. मी मासळीवर पिळायला लिंबू कापत होते. म्हटलं, आण तो इकडे. तोही ऐटीत होता, दिला त्याने. मी सुरीचं टोक स्फटिकाच्या बुडाशी दाबून ओढलं. पांढरी रेघ उमटली. पुखराजावर सुरीची रेघ उठत नाही, साध्या गारेवरही नाही. मग त्या रेघेवर लिंबाचे थेंब पाडले आणि बारीक बारीक बुडबुडे यायला लागले.

"चुन्याच्या जातीचा आहे हा," मी म्हटलं. "देखणा आहे, मी कपाटात ठेवेन. पण ह्याच्यावर कुणी नोकरी सोडत नाही."

शेवटचं वाक्य गिळता आलं असतं. मी नाही गिळलं, कारण मला ढकलल्याचा राग अजून उतरला नव्हता.

"तूच बाटवलास त्याला," तो किंचाळला. "जलतेस माज्यावर! ल्हानपनापासून जलतेस!" त्याने दगड हिसकावला आणि माझी वेणी धरून मला मागे खेचलं. मी हाताला लागली ती पळी त्याच्या मनगटावर हाणली. तो दोन पावलं मागे गेला, दगडाचा हात त्याने खांद्यामागे नेला, आणि मला समोर हुबेहूब वडील दिसले.

दगड माझी भुवई फोडून मागे ओट्याच्या कडप्प्यावर आपटला आणि फुटला. डोळ्यात गरम रक्त उतरलं. मी खाली बसले, आणि वेड लागल्यासारखी आधी तुकडेच गोळा करायला लागले. मोठा घ्या, लहान घ्या, प्रत्येक तुकडा म्हणजे एकसारखी तिरपी डबी. तोच कल, तेच सपाट पैलू. गार फुटते ती काचेसारखी, वेडीवाकडी. असं तिरपं आणि नेमकं कॅल्साइटच फुटतो. मला हसू आलं आणि रक्त दातांत गेलं. भावजय पदराने माझी भुवई दाबून धरत रडत होती.

वसईच्या सरकारी दवाखान्यात टाके घातले. रिक्षात मी एक तुकडा मुठीत घट्ट धरून ठेवला होता. टेबलावर इंजेक्शनचं खोकं पडलं होतं, मी तुकडा त्यावर ठेवला. त्यातून खोक्यावरचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसलं, कॅल्साइटची पक्की खूण.

"दोन-दोन दिसतंय," मी आनंदाने म्हणाले.

डॉक्टर घाबरून माझ्या डोळ्यात बॅटरी मारायला लागल्या. त्यांना समजावून सांगेपर्यंत नाकी नऊ आले.

डोक्याला मार, म्हणून हवालदार आले. "कशाने लागलं, बाई?"

भावजय कानाशी लागली. "ताय, परली म्हना. ओट्यावर आपटली म्हना. त्यांची नोकरी गेली, आता हे नको."

भाऊ दारात उभा होता. आई बाकावर बसून फरशीकडे बघत होती. वडिलांच्या वेळी हीच आई दवाखान्यात कधी विहिरीवर घसरायची, कधी तिला म्हैस ढुशी द्यायची. आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती. मी तिचा पदर धरून बाजूला उभी असायचे आणि डॉक्टरांनी विचारलं तर मान हलवायचे.

"भावानं दगड फेकून मारला," मी म्हटलं. "कॅल्साइटचा. त्याआधी मी त्याला पळी मारली, तेही लिहा."

भावाने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. हवालदार त्याला घेऊन गेले, आणि सकाळी दम देऊन सोडलं. तो बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला. तिथे त्याला गोदामात काम मिळालं, एवढं कानावर आलं. माझ्याशी तो अजून बोलत नाही. जीव तुटतो माझा त्याच्यासाठी, आणि रागही गेलेला नाही.

आईनेही माझ्याशी बोलणं टाकलं. पुढ्यात ताट ठेवायची आणि निघून जायची. मीही ताठ राहिले. मग एका दुपारी मागच्या दारी मासळी साफ करताना तिने माझ्या भुवईकडे निरखून पाहिलं.

"तुजा बा मना मारायचा, तवा तू येवरी असतीस," ती म्हणाली, "तर दवाखान्यात खरा बोलली असतीस?"

"बोलले असते."

तिने हातातला मासा पाण्यात सोडला.

"मंग मोटी व्हायला येवरा उशीर का केलास?"