सिसिलीच्या वंशावळीतली आत्या

इटलीनं हबसाणावर, म्हणजे अॅबिसिनियावर, स्वारी केली त्या वर्षी मी जळगावला हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. वाचनालयात वर्तमानपत्रासाठी ओढाताण चालायची. तिथल्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी "इटलीवर काहीतरी बोला" म्हणून माझ्यामागे लकडा लावला. त्यांना हवी होती आजची इटली. पण एम.ए.ला मी दक्षिण इटलीतलं सिसिलीचं जुनं राज्य अभ्यासलं होतं. त्या विषयात जळगावपासून धुळ्यापर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता, कारण त्या विषयाकडे दुसरं कोणी फिरकलंच नव्हतं. तेव्हा साडेसातशे वर्षं मागे जाऊन ‘सिसिलीच्या गादीचे वारस’ असा विषय मी परस्पर ठरवून टाकला. चिटणिसांचा चेहरा उतरला. तो मी माझ्या विद्वत्तेचा दबदबा समजलो.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परतली होती, आणि तेव्हापासून भडगावजवळचं गिरणाकाठचं आमचं शेत तीच कसत होती. वडील गेल्यावर शेत माझ्या नावावर चढलं. कपाशीचं फूल कोणतं आणि भेंडीचं कोणतं, यात माझी आजही गल्लत होते. पण मालक मी होतो.

आता आमच्या चुलतभावाची त्या शेतावर नजर गेली होती. "बाईमाणसाला झेपत नाही, शेत माझ्या ताब्यात दे," असं पत्र त्यानं मला धाडलं होतं. अक्का त्यासाठीच आली होती. शेत तिच्या नावानं लिहून द्यावं, नाहीतर आज ना उद्या हे लोक तिला बांधावरून उठवतील, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी दोघांनाही उत्तर दिलं नव्हतं. लिहून दिलं तर भाऊबंद हसतील आणि नाही दिलं तर अक्का रडेल. मला दोन्ही नको होतं. "उद्याचं व्याख्यान होऊ दे अक्का, मग बघू," असं मी म्हणालो. जशी काही सिसिलीची गादी माझ्यावाचून अडली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात बरी गर्दी झाली. चटयांवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला पाच-सहा बायका, त्यांत अक्का. मी भिंतीवर राजघराण्याची वंशावळ मोठ्या तक्त्यावर काढून टांगली होती. चार रात्री खपून ती मी स्वतः काढली होती, आणि काढली होती आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या वंशावळीसारखी: वर मूळपुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, मुलग्यांखाली त्यांचे मुलगे. हाताला तेच वळण होतं. मुलगी परघरी जाते, तिची रेघ कोण ओढतो?

पहिल्या राजावर मी छान बोललो. त्याच्या मुलावर बोललो. नातू गादीवर बसला आणि निपुत्रिक वारला, तिथे आवाजही थोडा कापवला. "आणि मग," मी छडी उचलून म्हणालो, "हे राज्य जर्मन सम्राटाकडे गेलं!"

पुढच्या रांगेतल्या वकिलांनी विचारलं, "गुरुजी, हा जर्मन कोणत्या नात्यानं आला?"

उत्तर मला पाठ होतं. पण छडी ठेवायला तक्त्यावर जागाच सापडेना. मी छडी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, मग "ते ओघानं येईलच" असं काहीतरी पुटपुटलो. मागून कोणीतरी खुसखुसलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं अक्काचा आवाज आला, "भाऊ, पहिला राजाले आंडेर नव्हती का?"

आंडेर म्हणजे मुलगी. होती ना! तिच्यावरच तर सगळं राज्य फिरलं होतं. निपुत्रिक वारलेल्या राजाची ती आत्या, जर्मन सम्राटाच्या मुलाला दिलेली; तोच मुलगा पुढे सम्राट झाला. सरदारांना परक्याचा जावई-हक्क मान्य नव्हता, म्हणून त्यांनी घराण्यातला एक अनौरस पुरुष गादीवर बसवला. पण शेवटी राज्य आत्याच्याच नात्यानं गेलं. तिला मूल झालं ते चाळिशीत. ते तिचंच आहे याबद्दल कोणी शंका घेऊ नये म्हणून ती म्हणे भर चौकात तंबू ठोकून, गावच्या बायकांसमोर बाळंत झाली. हे मी लाल पेन्सिलीनं तक्त्यावर रेघ ओढत सांगितलं. बायका पुढे सरकून ऐकत होत्या, वकिलांनीही मान डोलावली. टाळ्या पडल्या, आणि त्या मी निर्लज्जपणे माझ्या समजून घेतल्या.

घरी परतताना अक्का झपझप पुढे चालत होती. मी मात्र व्याख्यान कसं रंगलं हे तिलाच ऐकवत होतो. मेहरूणच्या वाटेला लागल्यावर ती थांबली.

"त्या परदेशना बाईनी रेघ तू भर सभामा ओढी," ती म्हणाली. "मनी कव्हय ओढशी?"

माझी रेघ कधी ओढशील, असं ती विचारत होती. मला लाज वाटली. अशी लाज मला तक्त्यापुढे वाटली नव्हती. वडील गेले तेव्हा तलाठ्याच्या दप्तरासाठी आमच्या घराण्याची वंशावळ मीच लिहून दिली होती, सुवाच्य अक्षरात. तिच्यात अक्का नव्हती, आणि ती नाही हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलंही नव्हतं. सिसिलीतल्या सरदारांना मी पाऊण तास नावं ठेवली होती, आणि त्यांच्याच पंगतीला बसलो होतो.

त्या आठवड्यात आम्ही दोघं भडगावला गेलो. चुलतभाऊ कचेरीच्या ओट्यावर बसून होता. तो हसला, आणखी दोघे हसले. मला वाटलं होतं त्याहून ते हसणं फार कमी वेळ चाललं. कारकुनानं बक्षीसपत्र लिहून माझ्या हाती दिलं. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला वाचून दाखवू लागलो. शेताच्या चारी बाजू वाचल्या, पाट आणि विहीर वाचली, मग तिचं नाव आलं, वडिलांच्या नावासकट.

"आखो वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही, पण तरीही मी वाचलं. मग तिनं शाईत अंगठा बुडवला.