फिल्टरवर अडकलेला वैरी

२००४ च्या उन्हाळ्यात मी बेल्ह्याच्या बैलबाजारात रिकाम्या बाटल्या घेऊन हिंडत होते... गुरांच्या हौदातलं पाणी भरायला. किराणावाल्या शेठजींची पोरगी एमएस्सी करून गटारं उपसते, ही बातमी बाजारभर झाली होती.

मी शोधत होते फेज, म्हणजे घाण पाण्यात सापडणारे, जंतूंना मारणारे विषाणू. जंतूने रूप पालटलं की तेही पालटतात. औषधं चालेनाशी झाली तर पुढेमागे हेच कामी येतील, असं आमचे गाईड सर सांगायचे.

माझा जंतू होता रामभाऊंच्या पायातला. रामभाऊ बैलांचे दलाल, बाबांचे जुने मित्र. मधुमेहाची जखम, एक बोट आधीच कापलेलं आणि कुठलंच औषध लागू पडेना. शेवटी वैतागून त्यांनी ड्रेसिंगला जाणंच सोडलं... असंच चाललं तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी दिसले की विचारायचे, "ताई, घावला का माझ्या जंतूचा वैरी?" मला मान खाली घालावी लागायची. महिनाभर पाणी गाळून त्यांचे जंतू वाढवलेल्या प्लेटवर टाकत होते; फेज असता तर सायीला भोकं पडली असती, पण जंतूंची साय जशीच्या तशी!

एका रविवारी आईपाशी रडगाणं गायले. आम्ही जैन, पाणी गाळून पितो आणि कापडावर राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडतो. आई पाणी गाळतच होती. म्हणाली, "तुझ्या गाळणीवर राहतं ते कुठं सोडतेस गं?"

"फेकते."

मी भरल्या ताटाला लाथ मारल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. मला रागच आला. फिल्टर जंतू अडवतो, विषाणू खाली उतरतो, हे पुस्तकात छापलंय ना! पण पुण्याला प्रयोगशाळेत गेल्यावर मुकाट्याने फिल्टर धुतला, त्यातले जंतू क्लोरोफॉर्मने मारले आणि उरलेलं प्लेटवर टाकलं. सरांनी आगर, म्हणजे प्लेटवरची जेली, पातळ करायला लावलं, कारण दाट आगरात मोठ्या फेजला पसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सायीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं! फेजच होता, पण राक्षसी... युगानुयुगं जनुकांचं बिऱ्हाड वाढवत एवढा मोठा झालेला, की फिल्टरमधून जाईचना. आणि मी शहाणी त्यालाच कचऱ्यात टाकत होते.

प्लेटचा फोटो घेऊन रामभाऊंकडे गेले. स्पष्ट सांगितलं, हे औषध नाही, तुम्हाला देता येणार नाही, अजून कित्येक वर्षं लागतील. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

मग म्हणाले, "म्हंजी हाय तर! मला वाटलं व्हतं, ह्याला जगात कुणी वैरीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून ड्रेसिंगला गेले. मग रोज जात राहिले...

रामभाऊंचा पाय वाचला, तो दवाखान्यातल्या रोजच्या ड्रेसिंगमुळे. माझा फेज त्यांच्या जखमेजवळही गेला नाही. पण त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं ते त्यानेच.