सईची काळी खिडकी आणि माझ्या पदराची गाठ

नातवंडांनो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, अंगारे-धुपारे घरात येऊ दिले नाहीत. वस्तू हरवली की मी पदराला गाठ मारते आणि सापडली की सोडते, ती आपली सवय... श्रद्धा नव्हे. रोहन, तुझी बॅट आणि सईचं पैंजण त्या गाठीनेच सापडलं, असं तुम्ही म्हणायचात. शोधायचे मीच!

गेल्या उन्हाळ्यात सई ऑफिसचं काम घेऊन इथे भिंगारला राहायला आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्यात एक काळी खिडकी. कोडिंग करताना अडलं की ती तिथेच प्रश्न टाइप करायची आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांनी लिहून ठेवलेली उत्तरं नेटवरून येऊन खाली उमटायची. ब्राउझरसुद्धा उघडायला नको.

"आजी, हिला काहीही विचार, लगेच सांगते."

'हिला' म्हणे! मला मात्र कोणी काही विचारेना. साखरेचा डबासुद्धा ही पोरगी स्वतःच शोधायची. मला त्या खिडकीचा हेवा वाटायचा. टेबल पुसताना मी लॅपटॉप तेवढा वगळायचे.

एका दुपारी सई अगदी रडकुंडीला आली.

"काय हरवलंय?" मी विचारलं.

"एक अख्खा दिवस! मी सोळा तारीख भरते आणि प्रोग्रॅम पंधरा दाखवतो."

"अगंबाई! तुझ्या हिला येत नाही?"

"टोमणे नकोत गं. संध्याकाळी साहेबांना दाखवायचंय. तू गाठ मार ना!"

केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! तिच्यादेखत घट्ट गाठ मारली. "बघू आता, आधी कोण शोधतंय."

आणि लाईट गेली.

मंदाबाई फरशी पुसत होती. "बाई, नेटच्या डब्याचा दिवा बी इझला."

सईचा मोबाईल दुरुस्तीला दिलेला, माझा साधा बटणांचा. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. चिडून, निव्वळ सवयीने, तिने तोच प्रश्न पुन्हा टाइप केला... आणि उत्तर उमटलं. मोजक्याच ओळी. तिने त्या वापरल्या आणि तारीख बरोबर आली!

"सापडलं!" सईने मिठी मारली. लॅपटॉपला — मला नाही.

मंदाबाई फडकं हातात धरून तशीच उभी. "ताई, पर नेट न्हाई ना? मग हे आलं कुठनं?"

सईचा चेहरा उतरला. जुनं उत्तर साठवलेलं असेल, म्हणाली. तपासलं, तर तसं काही नव्हतं. शेजाऱ्यांचं वायफाय? लॅपटॉप कशालाच जोडलेला नव्हता. लाईट आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर खिडकी कोरी.

"माझ्या गाठीने दिलं," मी म्हटलं आणि गाठ सोडायला पदर पुढे घेतला.

गाठ नव्हती. चुरगळल्याची खूण होती, गाठ सुटलेली. माझी गाठ मलासुद्धा दात लावल्याशिवाय सुटत नाही. सई टेबलापाशी, मंदाबाई दारात. माझ्या पदराला कोणी हात लावला नव्हता.

सईच्या ऑफिसातले म्हणतात, काहीतरी तांत्रिक कारण असणार. मीही तेच म्हणते. पण कारण ना त्यांना सापडलं, ना मला. आणि खरं सांगू? उत्तर कुठून आलं याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. माझी गाठ कोणी सोडली, हे मात्र अजून सलतं.

परवा सईचा ऑफिसातून फोन आला. "आजी, अडलंय गं. गाठ मार."

"तुझ्या हिला विचारलंस?"

"नाही. आधी तुला, मग तिला."

मी गाठ मारली. आणि सईचा पुन्हा फोन येईपर्यंत पदर मुठीत घट्ट धरून बसले. या वेळी सुटली तर माझ्याच हातून सुटू दे!