कापसाच्या खोलीतला आवाज

अमडापूरला माझं झेरॉक्सचं दुकान आणि रशीदभाईंचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांचं शटर वर गेलं की माझ्या काउंटरवरचा पेनांचा डबा थरथरायचा आणि मला कळायचं, आता चहा येणार. दिवाळीनंतरच्या एका सकाळी डबा थरथरला नाही. लग्नाच्या शूटिंगला बाहेरगावी गेले असतील म्हणून मी दुकान झाडलं, उदबत्ती लावली... आणि त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, भाई गेले." कुठं गेले, असं मी विचारलंसुद्धा! झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय काही जायचं नव्हतं. आता काही आठवडे झाले, तरी सकाळी माझं लक्ष त्या डब्याकडे जातंच.

रशीदभाई म्हणजे आमच्या भागातल्या लग्नांचा कॅमेरा. हिंदूंचं असो की मुसलमानांचं, मांडवात त्यांचाच हुकूम चालायचा. नवरदेव तोंड पाडून बसला की ओरडायचे, "हसा ना बे जरा, परीक्षेले बसले काय?" पण बीटी कापसाची वर्षं एकामागून एक फसत गेली, लग्नं लांबणीवर पडू लागली आणि त्यांच्याकडे दुसरंच काम वाढलं. गेलेल्या माणसाचा पासपोर्ट फोटो घेऊन घरचे यायचे. तो मोठा करून फ्रेम करून द्यायचा. आमच्याकडे रीत अशी, की मळक्या सदऱ्यातला माणूस भिंतीवर बरा दिसत नाही म्हणून स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर त्याला कोट-टाय चढवतो. रशीदभाईही चढवायचे. गावोगावच्या भिंतींवर त्यांच्या हातचे निळ्या कोटातले शेतकरी आजही टांगलेले आहेत.

त्यातलाच एक माझा धाकटा भाऊ, गजानन. बोंडअळीच्या वर्षी त्यानं स्वतःला संपवलं. एवढंच लिहिते, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांनी एवढंच विचारलं. जे कोणी दारात आले, त्यांना तो कसा गेला तेच हवं होतं. माझी भावजय सुनंदा आधी उत्तरं देत राहिली, मग तिनं त्याचं नाव घेणंच सोडलं. लेक राणी तेव्हा पाळण्यात होती. ती मोठी होऊन शाळेत जायला लागली, तिथं पोरांनी तिला नको ते सांगितलं, आणि घरी येऊन भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "आई, बाबा साहेब होते काय?" सुनंदा उठून गोठ्यात निघून गेली. हे नेहमीचंच झालं. मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता. या पोरीच्या वाट्याला बाप म्हणून एक परका निळा कोट आणि एक वाईट बातमी, एवढंच येणार होतं. भिंतीपलीकडे चहा पिताना मी हे बोलले. रशीदभाईंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "कोट मीच चढवला ना, ताई. आता मीच उतरवतो."

त्याच सुमारास ते बुलडाण्याला बायकांच्या एका शिबिराचं चित्रण करायला गेले होते. आपल्या माणसाची गोष्ट आपल्याच आवाजात मोबाइलवर सांगायची, जवळचे चार फोटो जोडायचे, पाच मिनिटांत संपवायची, असं तिथं शिकवत होते. शिकणाऱ्यांचं काय झालं ठाऊक नाही, चित्रण करणारा मात्र शिकून आला. एका रविवारी आम्ही सुनंदाकडे गेलो. रशीदभाईंनी ओसरीवर टाळी वाजवली, स्वयंपाकघरात वाजवली, आवाज घुमतो म्हणून तोंड वाकडं केलं. मग कापूस भरलेल्या खोलीत वाजवली. वेचणी होऊन बाजारभाव चढायची वाट बघत कापूस खिडकीपर्यंत रचलेला होता. टाळीचा आवाज तिथल्या तिथं विरला. "वा! असा स्टुडिओ पुण्या-मुंबईले नाही भेटत," म्हणत त्यांनी सुनंदाला कापसाला टेकून बसवलं. ज्या कापसानं घर बुडवलं त्यालाच टेकून ती बसली. मला ते बघवेना.

रशीदभाईंनी मोबाइल चालू केला आणि विचारलं, "भाभी, गजाननभाऊ जेवाले बसले का पयले काय करत?" सुनंदानं चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. "...पयला घास मांजरीले टाकत," ती हळूच म्हणाली. "हं... मंग?" रशीदभाई म्हणाले. "मांजर दिसली नाही त मलेच विचारत, कुठी गेली तुही बहीण?" आणि तोंडाला पदर लावून ती हसली. मग रडली. मग बोलत राहिली. मधे अडली की "हं... मंग?" एवढंच. तो गेला कसा, हे त्यांनी अखेरपर्यंत विचारलं नाही. ते ती आपणच बोलली, अगदी शेवटी, दोन वाक्यांत.

फोटोंची पंचाईत होती. घरात गजाननचे फोटो होतेच किती! रशीदभाईंनी मग आपल्या जुन्या लग्नांच्या सीड्या काढल्या आणि कितीतरी दुपारी त्यात डोळे घातले. एका पंगतीत सापडला तो, बाह्या सरसावून बुंदी वाढताना. नको म्हणणाऱ्याच्या पत्रावळीत हसत हसत जास्तीची ओतताना. अगदी आमचा गजानन! गोष्ट तयार झाली तेव्हा आम्ही सगळे त्याच खोलीत बघायला बसलो. गजाननचा चेहरा आला... आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. लग्नाच्या व्हिडिओला पाकळ्या टाकायची सवय. हातानं आपलं काम करून टाकलं होतं. माझा तर जीवच गेला. पण सुनंदा म्हणाली, "फुलं काढा भाई. त्याईले फुलाईनं शिंका येत. लग्नातबी हार घातला आन् शिंकतच राह्यले."

"बाबा लग्नात शिंकले?" राणी खो-खो हसायला लागली. बाप म्हणून तिला भेटलेला तो पहिला माणूस, शिंकणारा. आम्हीही हसलो. त्या घरात किती वर्षांनी, देव जाणे.

रशीदभाई ओशाळून म्हणाले, "काढतो. आन् माह्यं ते 'मंग, मंग' बी काढतो, लय वंगाळ वाटून राह्यलं." सुनंदानं मान हलवली. "थे राहू द्या. थे काढलं त मी एकटीच बोलून राह्यली असं वाटते." तेवढं मात्र राहिलं. भिंतीवरचा निळा कोट उतरला आणि तिथं बुंदी वाढणारा गजानन आला.

नंतर कितीजणी आल्या. जानेफळहून आल्या, नांदुऱ्याहूनही आल्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा मुलगा, कुणाची बहीण बाळंतपणात. एकीची गोष्ट बघून दुसरी बोलायची, आणि ज्या बायका कालपर्यंत एकमेकींना ओळखत नव्हत्या त्या एकमेकींच्या शेतात वेचणीला जाऊ लागल्या. सुनंदाच कित्येकींना हाताला धरून घेऊन यायची. रशीदभाई तोवर पक्के शिकले होते. नुसती मान डोलवायचे, आवाज करायचे नाहीत. गोष्ट झाली की जिची तिच्या हवाली करायची आणि आपल्याकडची पुसून टाकायची. एक पाहुणे कुठंतरी दाखवायला म्हणून चांगले गोड बोलून या गोष्टी मागायला आले, तर म्हणाले, "ज्याची गोष्ट त्याले विचारा. मी त निस्ता टेकू." माणूस मोठा होता हो. आणि मोठेपणाचा त्याला पत्ताच नव्हता.

गेल्या आठवड्यात सुनंदा, राणी आणि मी रशीदभाईंच्या घरी गेलो. शमीमभाभी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नाही, म्हणून आम्हीच गेलो. सुनंदानं डोक्यावर एक गाठोडं घेतलं होतं. भाभी भिंतीकडे बघत बसलेल्या. म्हणाल्या, "घर में इत्ती शादियाँ पडी हैं, ताई. गाँवभर के लोग हैं उसमें, सबकी आवाज है... ये कहींच नहीं." खरंच होतं. जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस, चित्रणातला आपला आवाज तेवढा कापून टाकणारा, फोनवरही कामापुरतंच बोलणारा.

सुनंदानं गाठोडं सोडलं. आत कापूस होता. तो तिनं भाभींच्या पाठीशी भिंतीला लावला, हातानं सारखा केला आणि त्यांना टेकवून बसवलं. मग आपला मोबाइल राणीच्या हातात दिला आणि समोर बसत म्हणाली, "भाभी, भाई जेवाले बसले का पयले काय करत?"

भाभींचे ओठ हलले, पण शब्द निघेना. राणीनं मोबाइलवरच्या बाबांच्या गोष्टीतली बरोबर ती जागा शोधली आणि बोट ठेवलं.

"हं... मंग?" रशीदभाई म्हणाले.

आणि शमीमभाभी बोलू लागल्या.