ताईच्या खोलीतली शांतता

माझी थोरली बहीण दिवसभर स्वेटर घालून बसते, भर उन्हाळ्यातसुद्धा. माझ्या शिवणाच्या दुकानाच्या बरोब्बर वर तिची मशिनची, म्हणजे मोठाल्या कॉम्प्युटरची खोली. आत बर्फासारखी गार हवा आणि पंख्यांची घरघर. खाली माझी मशिनं, वर तिची. माझ्या मशिनवर निदान काहीतरी शिवून तरी निघतं!

ती करते काय, हे समजायला मला वर्षं लागली. देशोदेशीचे लोक आपला वेळ घालून सॉफ्टवेअर लिहितात आणि कोणीही घ्या, उघडून बघा, सुधारा म्हणून मोकळं सोडतात. पण लिहिलेलं ठेवायचं कुठे, चालवून बघायचं कुठे? त्यासाठी एका संस्थेने सगळ्यांसाठी ही खोली चालवलीय आणि ताई तिची राखणदार. कौतुक शून्य. काही बिघडलं की मात्र सकाळी डोळे उघडायच्या आत तक्रारी हजर.

मध्यंतरी संस्थेने सांगितलं, जागा कमी करा, एक मशीन काढा. ताईची नजर 'आजोबां'वर गेली. आजोबा म्हणजे कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं मशीन. ते नेमकं काय करतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी या लोकांची एक रीत आहे. वायर काढायची आणि कोण बोंब मारतो ते बघायचं. कोणी ओरडलं नाही, तर मशीन भंगारात.

ताईने वायर काढली. कोणी ओरडलं नाही. नुसतं तेवढंच नाही, त्या आठवड्यात एकही तक्रार आली नाही. कसलीच!

"बघ, सगळं आपोआप चालतंय," ताई जेवताना म्हणाली. "आजोबांची गरज नाही आणि माझीही नाही. सोमवारी राजीनामा देते."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले. पण तिने ताटातलं तसंच ठेवलं, तेव्हा मला त्या लोकांचाच राग आला. इतकी वर्षं राबून कोणाला साधी आठवणही नाही? कृतघ्न मेले!

शनिवारी दुकानात एक दाढीवाला घाईघाईने शिरला. मी सवयीने गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेला लावलीसुद्धा.

"अहो बाई, कपडे नकोत मला! मशिनची खोली कुठाय? मी जनावरांचा डॉक्टर. दवाखान्यांसाठी आम्ही फुकट सॉफ्टवेअर लिहितो. आठवडाभर काम ठप्प आहे आणि आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडतोय!"

"ओरडताय? कुठे?"

"तक्रारीच्या ईमेल पत्त्यावर! अजून कुठे?"

मी त्याला दंडाला धरून वर नेलं. ऐकता ऐकता ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने कपाळावर हात मारला. डॉक्टरचं काम आजोबांवरच चालायचं आणि जुन्या पत्त्यावरच्या तक्रारीही आजोबांमधूनच पुढे तिच्यापर्यंत येत होत्या. बोंब कोण मारतो ते बघायला बसलेल्या बाईने बोंबलायचीच वाट बंद केली होती!

वायर लावली मात्र, पडदाभर तक्रारी बदाबदा कोसळल्या. माफीचे निरोप धाडायचे सोडून ताई त्या मोठ्याने वाचायलाच लागली.

"हा बघ, झोपा काढता का म्हणतोय! आणि ही बाई म्हणते, तुम्ही मेलात की काय!" तिचे डोळे भरून आले होते आणि ती खो खो हसत होती. "किती शिव्या घातल्यात गं मला!" मलाही रडू फुटलं. त्या दिवशी जेवताना दिलेली शिवी मी मनातल्या मनात मागे घेतली. डॉक्टर बिचारा आम्हा दोघींकडे बघतच राहिला.

सोमवारी राजीनाम्याचा विषयच निघाला नाही. संस्थेने आजोबांना राहू दिलं, फक्त तक्रारीसाठी एखादा फोन नंबरही द्या म्हणाली. ताईने मला न विचारता माझ्या दुकानाचा दिला. आता मी काज करत असले, की कुठून कुठून माणसं ओरडत फोन करतात. मी फोन कानापासून लांब धरते, त्यांचं ओरडून होऊ देते आणि मग जिन्यावरून हाक मारते, "ताई, तुझी आठवण काढतायत गं!"